समजण्याचे कष्ट कुणी घ्यायचे?

२६ जुलै १८८७ रोजी वॉर्सामध्ये रशियन भाषेतलं एक छोटं पुस्तक प्रसिद्ध झालं. लेखकाचं नाव छापलं होतं ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. या टोपणनावामागचा माणूस होता लुडविक झामेनहॉफ. वय सत्तावीस, डोळ्यांचा डॉक्टर, बियालिस्तोक गावच्या ज्यू घरातला. पुस्तकात सोळा नियमांचं व्याकरण, नऊशेच्या आसपास धातूंची यादी, बायबलमधले उतारे, थोड्या कविता आणि पत्राचा एक नमुना होता. सोबत कापून पाठवायच्या चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठीवर सही करणारा वचन देत होता, की एक कोटी लोकांनी असंच जाहीर वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन.

एक कोटी सह्या कधीच जमल्या नाहीत. पण जे शिकले ते कोटीची वाट बघत थांबले नाहीत. १८८९ मध्ये झामेनहॉफने भाषा शिकलेल्या हजार जणांचे पत्ते छापले. डॉक्टरचं टोपणनाव भाषेचं नाव झालं. एस्पेरांतोची जागतिक संमेलनं आजही भरतात. २०२४ चं संमेलन टांझानियातल्या आरुषा शहरात झालं, आफ्रिका खंडातलं पहिलं. तरीही ही भाषा जगाची भाषा झाली नाही, हेही तितकंच खरं.

मग या प्रयत्नाचं मोल काय? पुढच्या संवादात दोघं जण या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडतात. मामा बेळगावात महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेले. भाची पुण्यात जर्मन तांत्रिक मजकुराचे अनुवाद करते आणि एस्पेरांतो शिकलेली आहे. भाषा हा दोघांच्याही पोटापाण्याचा आणि जिव्हाळ्याचा विषय.

मामा : तुझ्या डॉक्टरच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती कृतीबद्दल. भाषा कुणी एक माणूस बसून करत नाही. मराठी कुणी केली? जात्यावर बसणाऱ्या बायांनी, औत धरणाऱ्यांनी, कीर्तनकारांनी, बाजारात घासाघीस करणाऱ्यांनी. दादोबा पांडुरंगांनी व्याकरण छापलं १८३६ मध्ये. त्याच्या साडेपाचशे वर्षं आधी ज्ञानेश्वरी होऊन गेली होती. आधी भाषा, मग व्याकरण, हा क्रम. झामेनहॉफने आधी व्याकरण केलं आणि मग बोलणारे शोधायला निघाला.

भाची : सुरुवात तशीच झाली, मामा. पण पुढे काय घडलं ते बघा. त्याच सुमाराला व्होलाप्यूक नावाची आणखी एक कृत्रिम भाषा युरोपात गाजत होती. श्लायर नावाच्या जर्मन कॅथलिक धर्मगुरूने ती १८७९-८० च्या सुमाराला केली. ठिकठिकाणी तिची मंडळं निघाली. मग लोक सुधारणा मागू लागले. श्लायरने शेवटचा शब्द माझाच, असा हट्ट धरला आणि दहा वर्षांत चळवळ फुटली. झामेनहॉफने पहिल्याच पुस्तकात जाहीर करून टाकलं होतं, की एखाद्या राष्ट्राच्या भाषेप्रमाणे ही भाषाही सर्वांची मालमत्ता आहे आणि लेखक तिच्यावरचे आपले सगळे हक्क सोडतो आहे.

मामा : हक्क सोडतो म्हणणं सोपं असतं. वेळ आली की कळतं.

भाची : वेळ आली ती १८९४ मध्ये. काही जणांनी फार आग्रह धरला म्हणून झामेनहॉफने स्वतः सुधारणांचा मसुदा केला आणि ‘ला एस्पेरांतिस्तो’ या नियतकालिकाच्या वर्गणीदारांपुढे मताला टाकला. बहुमताने तो फेटाळला गेला. भाषा अवघी सात वर्षांची होती. तिच्या बोलणाऱ्यांनी तिच्या कर्त्याला सांगितलं, की आता हिला हात लावायचा नाही. त्याने ते मानलं. माझ्या मते त्या दिवशी ती भाषा लोकांची झाली.

मामा : मतदानाने नियम टिकतात. भाषा जिवंत आहे की नाही, हे मी वेगळ्या गोष्टींवरून ठरवतो. त्या भाषेत कुणी भांडतं का? नाटक करतं का? पोरांना झोपवतं का? कर्त्याच्या ध्यानीमनी नसलेला शब्द तिच्यात येतो का?

भाची : एकेकाचं उत्तर देते. १९०५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुलोन्य गावी पहिलं जागतिक संमेलन भरलं. वीस देशांतले जवळजवळ सातशे लोक आले. यातल्या बहुतेकांनी ही भाषा पुस्तकातून आणि पत्रांतून शिकलेली. परदेशी माणसाच्या तोंडून त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. अठरा वर्षं कागदावर वाढलेली भाषा तिथे बोलली गेली आणि लोकांना एकमेकांचं कळलं. त्याच संमेलनात मोलिएरचं एक नाटक वेगवेगळ्या देशांतल्या मंडळींनी एस्पेरांतोतून केलं.

मामा : नाटक केलं? तालमी कुठे केल्या?

भाची : ज्याने त्याने आपापल्या गावी पाठांतर केलं आणि तिथे येऊन जुळवलं. आता भांडणं. १९०७-०८ मध्ये इतकं मोठं भांडण झालं की ‘इदो’ नावाची सुधारित भाषा घेऊन बरेचसे पुढारी बाहेर पडले. सामान्य बोलणारे मात्र राहिले. ध्यानीमनी नसलेले शब्द म्हणाल, तर काबे या टोपणनावाने लिहिणारा एक नामांकित पोलिश लेखक १९११ मध्ये चळवळीतून अचानक निघून गेला. तेव्हापासून एस्पेरांतो सोडून देण्याला ‘काबेई’ म्हणतात. संमेलनात सगळ्यांत बसून आपल्याच मातृभाषेत बोलत राहण्याला ‘क्रोकोदिली’ म्हणतात, मगरपणा करणं. हे शब्द बोलणाऱ्यांनी आपापसात रुजवले.

मामा : आणि अंगाई?

भाची : वेगवेगळ्या देशांतले आई-बाप संमेलनात भेटले, लग्नं झाली, घरात समान भाषा तीच. त्यांची मुलं ती जन्मापासून बोलतात. फार नाहीत, जगभरात हजार-दोन हजारांच्या घरात. जॉर्ज सोरोस तुम्हांला ठाऊक आहेत. त्यांचे वडील तिवादार सोरोस बुडापेस्टचे वकील. १९४४ मध्ये नाझींनी हंगेरी व्यापल्यावर खोटी कागदपत्रं करून त्यांनी स्वतःचं कुटुंब आणि इतर कितीतरी लोक वाचवले. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी एस्पेरांतोत लिहिल्या. १९६५ मध्ये पुस्तक निघालं. माणूस आयुष्यातला सगळ्यांत अवघड काळ ज्या भाषेत सांगतो, ती भाषा कागदी कशी म्हणायची?

मामा : मान्य, जिवंत आहे. आता माझा दुसरा आक्षेप ऐक. ही तटस्थ भाषा म्हणे. कुत्रा म्हणजे ‘हुंडो’, तो जर्मनांचा. पक्षी म्हणजे ‘बिर्दो’, तो इंग्रजांचा. वडील म्हणजे ‘पात्रो’, ते रोमचे. आपल्या बाजूचं काय आहे त्यात? फ्रेंच माणसाला निम्मे शब्द आधीच ओळखीचे, बेळगावच्या माणसाला सगळंच अनोळखी. युरोपने युरोपसाठी केलेली भाषा आपण जगाची म्हणून का स्वीकारायची? आणि त्याहून मला खटकतं ते हे, की ‘पात्रो’ला ‘इन’ प्रत्यय लावून ‘पात्रिनो’, म्हणजे आई. आईला स्वतःचा धातू नाही. बापावरून आई काढायची?

भाची : हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सारवासारव करणारं उत्तर मी देणार नाही. १८८७ चा युरोपियन पुरुष त्या धातूंच्या यादीत दिसतो. एस्पेरांतो बोलणारेही यावर भांडतात. काही जण पुरुषासाठी वेगळा प्रत्यय वापरतात, काही जण स्त्री-पुरुष भेद न करणारं ‘री’ हे सर्वनाम वापरतात. सगळ्यांना ते पसंत नाही. पण तुम्ही फक्त शब्द कुठून आले ते बघताय. शब्द चालतात कसे, तेही बघा.

मामा : दाखव.

भाची : ‘साना’ म्हणजे निरोगी. ‘माल’ लावलं की अर्थ उलटा होतो, ‘मालसाना’ म्हणजे आजारी. ‘उल’ म्हणजे तसा माणूस, ‘एय’ म्हणजे जागा, आणि नाम आहे म्हणून शेवटी ‘ओ’. ‘मालसानुलेयो’ म्हणजे आजारी माणसांची जागा, रुग्णालय. एक धातू कळला की दहा-पंधरा शब्द तुम्ही स्वतः करू शकता आणि ऐकणाऱ्याला ते कळतात. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणं, मग शाळा कशी म्हणाल?

मामा : ‘लेर्नेयो’.

भाची : बघा, कुणीही न सांगता म्हणालात. हे आपल्याला जड जात नाही. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा, अशी माळ मराठी पोर रोज बोलतं. इंग्रजी माणसाला ती अवघड वाटेल. शिवाय एका अक्षराला एकच उच्चार, आपल्या देवनागरीसारखा. काल, आज, उद्या यांना ‘इस, आस, ओस’ हे तीन प्रत्यय. एकही क्रियापद अपवाद नाही. शब्दांची गाठोडी युरोपची आहेत, पण ती उघडायची पद्धत तुर्की, जपानी किंवा मराठी माणसाला परकी नाही. म्हणूनच जपान, चीन, इराण इथे ती शंभर वर्षांपूर्वीच पोचली.

मामा : आपल्याकडे?

भाची : शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा स्वीडनमध्ये असताना शिकले, युरोपभर तिच्यातून व्याख्यानं देत फिरले आणि रवींद्रनाथांच्या कथा एस्पेरांतोत नेल्या. विनोबांनी भूदान पदयात्रेच्या काळात तिचे धडे घेतले. भाषाशास्त्रज्ञ प्रबाल दासगुप्ता ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होते. ते २००७ ते २०१३ जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष होते. एका बंगाली माणसाला त्या भाषेने पाहुणा म्हणून वागवलं नाही, थेट अध्यक्षपद दिलं. इंग्रजीचा न्यायनिवाडा आजवर कुणी भारतीयाकडे सोपवलाय का?

मामा : चांगला मुद्दा आहे. पण मी आता मुळावर येतो. झामेनहॉफच्या गावात ज्यू यिद्दिश बोलायचे, पोलिश लोक पोलिश, अधिकारी रशियन, शिवाय जर्मन आणि बेलारूसी होते. रस्त्यात हाणामाऱ्या व्हायच्या. पोराने ते पाहिलं आणि ठरवलं, की या सगळ्यांना आणखी एक भाषा देऊ. माझं गाव असंच आहे. बेळगावच्या खडेबाजारातला कापडवाला एका गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो, दुसऱ्याशी कन्नड, तिसऱ्याशी उर्दू, गोव्याहून कुणी आलं तर कोकणी. मध्ये एक श्वास घेतो, बस. त्याला पाचवी भाषा लागत नाही. बियालिस्तोकच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकायला हवी होती. नवी भाषा करणं म्हणजे शेजाऱ्याला टाळणं.

भाची : मामा, तो कापडवाला दुकानातून उठून कचेरीत गेला की काय होतं? जमिनीचा उतारा कुठल्या भाषेत मिळतो? सीमाभागातल्या किती मराठी म्हाताऱ्यांना स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला, हे तुम्हीच मला सांगितलंय. बाजारात दोघंही एकमेकांकडे चालत जातात, कारण दोघांनाही धंदा हवा असतो. कचेरीत एकच जण चालतो.

मामा : ते खरं आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचं दुखणं आहे ते.

भाची : बियालिस्तोकमध्येही बाजार होताच. झामेनहॉफचे वडील भाषाशिक्षक होते, घरात रशियन, यिद्दिश होती, पोलिश त्याला उत्तम यायची. ‘एकमेकांची भाषा शिका’ हे त्याला सुचलं नसेल? पण त्याने पाहिलं, की ज्यू रशियन शिकतो, पोलिश माणूस रशियन शिकतो आणि रशियन अधिकारी यिद्दिश शिकत नाही. दुबळा नेहमी बलवानाची भाषा शिकतो. उलट सहसा घडत नाही. समजण्याचे सगळे कष्ट एकाच बाजूने घ्यायचे आणि वर चूक झाली की हसूनही घ्यायचं. त्याला हवी होती अशी भाषा, जी शिकायला दोघांनाही आपापल्या दारातून बाहेर यावं लागेल.

मामा : आणि तशी भाषा आली की माणसं भांडायची थांबतील, असं त्याला वाटलं. हे भाबडेपण मला परवडत नाही. रवांडात १९९४ मध्ये मारणारे आणि मरणारे एकच किन्यारवांडा बोलत होते. समजतं म्हणून प्रेम वाढतं असं नाही. कधी कधी शिवी नीट समजते, एवढंच.

भाची : लहानपणी त्याला तसं वाटलं असेल. पण १९०६ च्या जून महिन्यात त्याच्याच बियालिस्तोकमध्ये ज्यूंची कत्तल झाली आणि काही आठवड्यांनी जिनिव्हाच्या संमेलनात त्याने सगळ्यांसमोर त्या कत्तलीबद्दल सांगितलं. भाषा असली की झालं, असं म्हणणारा माणूस तो राहिला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी बुलोन्यच्या जाहीरनाम्यात ठरलं होतं, की एस्पेरांतोचं काम म्हणजे एक तटस्थ भाषा पसरवणं, तिच्याशी जोडलेली इतर ध्येयं ज्याची त्याची खासगी. शांतता ही अट म्हणून लादलेली नाही. तरी एक सांगते. ज्यांना माणसांची शांतता नको होती, त्यांनी या भाषेला भाबडं मानलं नाही.

मामा : म्हणजे कुणी?

भाची : हिटलरने आपल्या पुस्तकात तिला ज्यूंचं हत्यार म्हटलं आणि सत्तेवर आल्यावर १९३६ मध्ये तिच्या संस्थांवर बंदी घातली. स्टालिनच्या राज्यात १९३७-३८ च्या धरपकडीत एस्पेरांतोवाले पकडले गेले, बऱ्याच जणांना गोळ्या घातल्या. तिथल्या चळवळीचा प्रमुख एर्नेस्ट द्रेझेन त्यातच गेला. त्याही आधी, १८९५ मध्ये, झारच्या सरकारने ‘ला एस्पेरांतिस्तो’ला रशियाची दारं बंद केली, कारण त्या नियतकालिकात टॉलस्टॉयचा लेख छापला होता. एकमेकांचे शत्रू असलेली ही राज्यं एका पत्रव्यवहाराच्या भाषेला का भ्यायली? लेनिनग्राडचा कामगार लिऑनच्या शिक्षकाला थेट पत्र लिहायचा आणि मध्ये सरकारी दुभाषा नसायचा, म्हणून.

मामा : झामेनहॉफ हे बघायला होता?

भाची : नाही. तो १९१७ मध्येच वॉर्सात गेला, महायुद्ध चालू असताना. त्याची मुलं मात्र सापडली. आदाम बापासारखाच डॉक्टर. त्याला १९४० मध्ये नाझींनी गोळ्या घातल्या. झोफिया आणि लिदिया या दोघी मुली १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या छावणीत मारल्या गेल्या. लिदिया आयुष्यभर देशोदेशी हिंडून एस्पेरांतो शिकवत होती. १९३७-३८ मध्ये ती अमेरिकेत होती आणि मग पोलंडला परतली. वॉर्सातल्या ज्या गरीब वस्तीत झामेनहॉफ डोळे तपासायचा, तिथल्या रस्त्याला पुढे त्याचं नाव दिलं होतं. नाझींनी केलेल्या घेट्टोत तो रस्ता आला आणि त्याच रस्त्यावरून हजारो लोकांना ट्रेब्लिंकाच्या गाडीकडे चालवत नेलं.

मामा : हे ऐकल्यावर त्या माणसाला भाबडा म्हणणार नाही. पण माझा आक्षेप उलट पक्का होतो. इतकं सोसलं आणि हाती काय आलं? जग शेवटी इंग्रजी शिकलं. भाषेच्या मागे सत्ता लागते, बाजार लागतो. सदिच्छा पुरत नाही.

भाची : सत्ता लागते हे राष्ट्रसंघातच दिसलं. १९२० नंतर बऱ्याच देशांच्या प्रतिनिधींनी तिथे ठराव आणला, की शाळांत एस्पेरांतो शिकवण्याचा विचार व्हावा. उपमहासचिव इनाझो नितोबे हे जपानी गृहस्थ १९२१ मध्ये प्राग इथल्या संमेलनाला स्वतः जाऊन आले आणि अनुकूल अहवाल दिला. फ्रान्सने विरोध केला. तेव्हा मुत्सद्देगिरीची भाषा फ्रेंच होती आणि ते स्थान त्यांना सोडायचं नव्हतं. १९२२ मध्ये तर फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्याने शाळांच्या इमारतींत एस्पेरांतो शिकवायला बंदी केली. फ्रेंचचं स्थान त्यामुळे वाचलं का?

मामा : नाही. इंग्रजीने ते घेतलं.

भाची : एका बलवानाने दुसऱ्याला जागा दिली नाही आणि तिसरा येऊन बसला. १९५४ मध्ये मोन्तेविदेओ इथे युनेस्कोने एस्पेरांतोच्या कामाची दखल घेणारा ठराव केला. त्याहून पुढे सरकारी पातळीवर फार काही झालं नाही. तुम्ही याला हार म्हणालात तर मी वाद घालणार नाही. जागतिक भाषेची स्पर्धा ती हरली. पण इंग्रजी जिंकली म्हणून झामेनहॉफचा प्रश्न सुटला का? माझ्या कामातलं सांगते. जर्मन, भारतीय, कोरियन आणि इंग्रज अशी बैठक असते. सगळ्यांत कमी माहिती असलेला इंग्रज माणूस सगळ्यांत जास्त बोलतो, कारण त्याला वाक्य जुळवावं लागत नाही. कोरियन अभियंत्याकडे उत्तर असतं, पण ते वाक्यात बसेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. एस्पेरांतोच्या बैठकीत हा फरक पुष्कळ कमी होतो. तिथे प्रत्येकाने ती भाषा कष्टाने मिळवलेली असते, त्यामुळे दुसरा अडखळला की थांबायची सवय असते.

मामा : आता तर यंत्रं आली. फोनमध्ये मराठीत बोला, समोरच्याला कोरियन ऐकू येतं. आणखी दहा वर्षांनी कुणालाच दुसऱ्याची भाषा शिकावी लागणार नाही. मग एस्पेरांतो कशाला?

भाची : यंत्र मी रोज वापरते आणि त्याचा मला मोठा आधार आहे. पण ते पुष्कळदा मराठीतून कोरियनकडे जाताना इंग्रजीच्या पुलावरून जातं, कारण मराठी आणि कोरियन यांचा थेट जोडीने लिहिलेला मजकूर फारसा नसतोच. पुलावर काय सांडतं? तुम्ही आजीला ‘तू जेवलीस का’ विचारता आणि कलेक्टरला ‘आपण जेवलात का’. इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम. कोरियन ही मानाच्या रूपांची मोठी भाषा आहे, पण तिच्यापर्यंत पोचताना यंत्राच्या हाती मान उरलेला नसतो, ते अंदाजाने टाकतं.

मामा : तुझ्या एस्पेरांतोत आहे का ‘तू’ आणि ‘आपण’?

भाची : नाही. ‘व्ही’ एकच, एकालाही आणि अनेकांनाही. ‘त्सी’ नावाचं एक जुनं रूप आहे, ते फारसं कुणी वापरत नाही.

मामा : म्हणजे तुझ्याही पुलावर तेच सांडणार.

भाची : सांडेल, हे कबूल. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये एका कंपनीने यंत्र-अनुवादासाठी मधली भाषा म्हणून एस्पेरांतो वापरायचा मोठा प्रकल्प केला होता. तिचा प्रत्येक शब्द नीट सोडवता येतो म्हणून. त्यांनासुद्धा तिच्यात बदल करावे लागले. कुठलीही मधली भाषा सगळं वाहून नेत नाही. पण मी यंत्राबद्दल जे म्हणतेय ते वेगळं आहे. यंत्राने दोघांचेही कष्ट वाचतात आणि दोघंही आपापल्या दारातच राहतात. मला एखाद्या माणसाचं म्हणणं हवं असेल तर यंत्र पुरे. तो माणूस हवा असेल तर मला थोडं चालत जावं लागेल, त्यालाही. १९७४ पासून एस्पेरांतोवाल्यांची ‘पास्पोर्ता सेर्वो’ नावाची सोय आहे. यादीतल्या घरी कुणीही परदेशी भाषाबंधू जाऊन राहू शकतो, पैसे न देता. एकच अट, घरात एस्पेरांतो बोलायची. अनोळखी माणसाला दार उघडायला त्यांना तेवढी ओळख पुरते, कारण ती भाषा शिकायची सक्ती कुणावरच नव्हती.

मामा : तू शिक, मला आनंद आहे. पण सगळ्यांनी शिकावी असं मी म्हणणार नाही. आपल्या पोरांच्या डोक्यावर आधीच तीन भाषा आहेत आणि त्यांतली मराठीच सगळ्यांत आधी मागे पडतेय. चौथ्या भाषेसाठी मी एक तासही सोडणार नाही.

भाची : तो तास मी मागत नाही. मराठीच्या तासातून तर मुळीच नाही. झामेनहॉफनेही कुणाची घरची भाषा काढून घ्यायचं म्हटलं नव्हतं. प्रत्येकाची एक आपली आणि एक सगळ्यांची, एवढंच त्याचं म्हणणं. आज आपल्या मुलांची अवस्था अशी आहे, की सगळ्यांची म्हणून दिलेली भाषा घरात शिरली आणि घरचीला बाहेर काढायला लागली. ज्या भाषेच्या मागे पगार आणि प्रतिष्ठा असते, ती असंच करते. एस्पेरांतोला ते करता येत नाही, कारण तिच्या मागे काहीच नाही. तिचं दुबळेपण तुम्ही अपयश म्हणून मोजलंत. लहान भाषांसाठी तेच संरक्षण आहे.

मामा : हे मात्र मी असं कधी पाहिलं नव्हतं. तरी दोन गोष्टींवर आपण वेगळेच राहू. जग एस्पेरांतो शिकेल, यावर माझा विश्वास नाही. आणि शेजाऱ्याशी बोलायला त्याचीच भाषा शिकली पाहिजे, या मतावरून मी हलणार नाही. ज्याच्याशी बांध लागून आहे, त्याच्याशी तिऱ्हाईत भाषेत बोलू नये.

भाची : बांधावर तुमचं मत मलाही मान्य. ज्याच्याशी माझा बांध कधीच लागणार नाही, अशा कुणा कोरियन माणसासाठी मी एस्पेरांतो शिकले. पण बांधावर कोण कुणाची भाषा शिकणार, हा प्रश्न तुम्ही सोडून देताय.

मामा : सोडत नाही, उलट तोच तुझ्या डॉक्टरकडून घेतो. बेळगावात मी मराठी बोलतो तेव्हा कमी ताकदीच्या बाजूला असतो आणि न्याय मागतो. मेळघाटात कोरकू बोलणारं सहा वर्षांचं पोर शाळेत जातं, तेव्हा गुरुजी मराठी असतात, पुस्तक मराठी असतं, आणि ते पोर पहिलं वर्ष नुसतं बघत बसतं. तिथे तीच माझी मराठी बलवान असते. गडचिरोलीत माडियापुढे, नंदुरबारात भिलीपुढेही तसंच. त्या पोराने मराठी शिकावी हे मला हवंच आहे, त्याचं पुढचं शिक्षण तिच्यातून आहे. पण त्याच्याकडे चालत जायचे कष्ट गुरुजींनी आधी घेतले पाहिजेत, कोरकू शिकून. मराठीचा आग्रह मी आयुष्यभर धरला आणि पुढेही धरीन. ज्या भाषेच्या हातात शाळा आणि कचेरी आहे, तिने आधी शिकायचं, हा नियम मात्र मराठीलाही लागू आहे, आणि तो लागू करायचं काम तुझं-माझं आहे.